हानी मान्य, उपाय अमान्य : इंडियानापोलिसचा पोर्नोग्राफीविरोधी उपविधी

अमेरिकेतील इंडियाना राज्याची राजधानी असलेल्या इंडियानापोलिसने १९८४ साली पोर्नोग्राफीला स्त्रियांच्या नागरी हक्कांचा भंग ठरवणारा एक उपविधी, म्हणजे शहरापुरता कायदा, संमत केला. दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालय, अपील न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय या तिन्ही पायऱ्यांवर तो घटनाबाह्य ठरला. कायद्याच्या वर्गांत हे प्रकरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विजय किंवा स्त्रीवादी चळवळीचा पराभव म्हणून शिकवले जाते. माझ्या मते या दोन्ही मांडण्यांत प्रकरणाचा गाभा हातून निसटतो. उपविधीत एकमेकांपासून अगदी भिन्न स्वरूपाचे चार दावे होते, ते सारे एकाच व्याख्येला बांधलेले होते, आणि ती व्याख्या न्यायालयाने रद्द केली तेव्हा ज्या स्त्रीला बळजबरीने कॅमेऱ्यासमोर उभे केले गेले होते, तिचा दावाही इतर तिन्हींबरोबर बुडाला. तो बुडणे अटळ नव्हते, हे दाखवणे हा या टिपणाचा हेतू आहे.

आधीचा कायदा आणि त्यावरचा आक्षेप

अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीने अभिव्यक्तीला दिलेले संरक्षण अश्लील साहित्याला मिळत नाही. अश्लील कशाला म्हणायचे, याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात ठरवली. समाजाच्या प्रचलित मापदंडांनुसार ती कृती एकंदरीत कामवासना चाळवणारी आहे का, कायद्याने नेमकेपणाने सांगितलेले लैंगिक वर्तन ती उघडउघड किळसवाण्या रीतीने दाखवते का, आणि तिला काही गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्य आहे का, हे तीन प्रश्न त्या कसोटीत आहेत.

स्त्रीवादी कायदेपंडित कॅथरीन मॅककिनन आणि लेखिका अँड्रिया ड्वॉर्किन यांचा आक्षेप असा होता की, हे तिन्ही प्रश्न पाहणाऱ्याच्या मनाविषयी, समाजाच्या सभ्यतेविषयी किंवा कलाकृतीच्या दर्जाविषयी आहेत. चित्रातल्या बाईचे काय झाले, हा प्रश्न त्यांत कुठेच नाही. एखाद्या स्त्रीला मारहाण करून, धमकावून केलेले चित्रीकरण कलात्मक मूल्याच्या आधारे सुटू शकते आणि कोणालाही इजा न करणारे, परस्परसंमतीचे चित्रण एखाद्या कर्मठ गावात अश्लील ठरू शकते. अश्लीलतेचा कायदा नीतीचे रक्षण करतो, समतेचे नाही, ही त्यांची मांडणी मला आजही निरुत्तर करणारी वाटते. पोर्नोग्राफी स्त्रीच्या दुय्यमत्वाला लैंगिक सुखाचे रूप देते आणि त्यामुळे ते दुय्यमत्व नैसर्गिक भासू लागते, असे त्या म्हणत. म्हणून तिच्यावरचा इलाज फौजदारी कायद्यात न शोधता, वंशभेद आणि लिंगभेद यांच्याविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यात शोधावा, असा त्यांचा आग्रह होता. यातला व्यावहारिक फरक मोठा आहे. फौजदारी कायद्यात खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो; नागरी हक्कांच्या दाव्यात पीडित स्त्री स्वतः वादी असते आणि भरपाई तिला मिळते.

हा विचार प्रथम मिनिआपोलिसमध्ये कायद्याच्या भाषेत उतरला. १९८३ च्या डिसेंबरमध्ये तेथील नगर परिषदेने जाहीर सुनावण्या घेतल्या. अनेक स्त्रियांनी आपापले अनुभव तेथे सांगितले. नवऱ्याने किंवा मित्राने मासिकातली छायाचित्रे समोर धरून तसेच करायला भाग पाडले, अशा साक्षी त्यांत होत्या. सत्तरच्या दशकातील एका गाजलेल्या चित्रपटातील नायिकेने, आपण पडद्यावर हसताना दिसत असलो तरी ते सारे मारहाणीच्या धाकाखाली घडले होते, असे सांगितले. परिषदेने निसटत्या बहुमताने उपविधी संमत केला, परंतु महापौर डोनाल्ड फ्रेझर यांनी जानेवारी १९८४ मध्ये नकाराधिकार वापरून तो अडवला आणि पुढे सुधारित मसुदाही त्यांनी तसाच परत पाठवला.

इंडियानापोलिसमध्ये राजकारण उलटे होते. महापौर विल्यम हडनट हे रिपब्लिकन पक्षाचे आणि पूर्वाश्रमीचे धर्मोपदेशक. परिषदेत उपविधी मांडणाऱ्या सदस्या स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला विरोध केलेल्या. मॅककिनन यांनी सल्लागार म्हणून मसुद्यावर काम केले. ज्यांना स्त्रियांची समता हवी होती आणि ज्यांना शहरातून अशोभनीय साहित्य हद्दपार करायचे होते, अशा दोन गटांची ही युती होती, आणि पुढे स्त्रीवाद्यांमध्ये जी फूट पडली तिचे एक कारण हेच होते. उपविधी २४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला, महापौरांनी १ मे १९८४ रोजी त्यावर सही केली, आणि पुस्तकविक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने प्रकाशक, वितरक आणि इतरांना सोबत घेऊन लगोलग दावा दाखल केला.

उपविधीत काय होते

व्याख्येनुसार, चित्रांतून किंवा शब्दांतून स्त्रियांचे उघड लैंगिक स्वरूपात दुय्यमत्व दाखवणे म्हणजे पोर्नोग्राफी. मात्र त्यासोबत सहापैकी किमान एक गोष्ट असणे आवश्यक होते: वेदना वा अपमान यांत सुख मानणाऱ्या वस्तू म्हणून स्त्रिया दाखवणे, बलात्कारात त्यांना आनंद मिळतो असे दाखवणे, बांधलेल्या वा जखमी स्थितीत त्यांना लैंगिक वस्तू म्हणून दाखवणे, इत्यादी. सहावे कलम सर्वांत सैल होते. वर्चस्व, उपभोग वा मालकी यांसाठीच्या वस्तू म्हणून किंवा शरणागतीच्या वा प्रदर्शनाच्या पवित्र्यात स्त्रिया दाखवणे त्यात येत असे. स्त्रियांच्या जागी पुरुष, मुले किंवा पारलिंगी व्यक्ती असल्या तरी व्याख्या लागू होती. मिलर कसोटीतील कलात्मक मूल्याचा बचाव येथे नव्हता आणि कलाकृती एकसंध म्हणून पाहण्याची अटही नव्हती. एखाद्या स्त्रीचे दुय्यमत्व घडवले गेले असेल, तर त्या चित्रीकरणाला कलात्मक मूल्य आहे याने तिला काय फरक पडतो, हे त्यामागचे समर्थन होते.

या व्याख्येवर चार दावे उभे होते. पहिला पोर्नोग्राफीच्या व्यापाराविरुद्ध, म्हणजे निर्मिती, विक्री, प्रदर्शन आणि वितरण यांविरुद्ध; तो कोणतीही स्त्री स्त्रीजातीच्या वतीने दाखल करू शकत होती. या दाव्यापुरती सार्वजनिक ग्रंथालये वगळलेली होती, आणि ज्या साहित्याला केवळ सहावे कलम लागू होते, त्यालाही या दाव्यात बचाव होता. मसुदा तयार करणाऱ्यांना स्वतःलाच त्या कलमाच्या सैलपणाची जाणीव होती, असे यावरून दिसते. दुसरा दावा बळजबरीने पोर्नोग्राफीत काम करायला लावल्याबद्दल, तिसरा एखाद्या व्यक्तीवर घरी, कामावर वा शाळेत पोर्नोग्राफी लादल्याबद्दल, आणि चौथा एखाद्या विशिष्ट पोर्नोग्राफीमुळे थेट घडलेल्या हल्ल्याबद्दल. तक्रार शहराच्या समान संधी कार्यालयाकडे जायची, तेथे चौकशी आणि सुनावणी व्हायची, आणि विक्री थांबवण्याचा आदेश किंवा नुकसानभरपाई मिळू शकत होती.

हे चार दावे वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते. शेवटच्या तिन्हींमध्ये एक नेमकी व्यक्ती आहे, तिच्या बाबतीत घडलेली एक नेमकी घटना आहे आणि ती सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे. पहिल्यात तसे काहीच नाही. तेथे एखादे पुस्तक दुकानात असणे हीच हानी. विचार आणि कृती यांच्यातली रेषा आखायची झाल्यास ती पहिल्या आणि उरलेल्या तीन दाव्यांच्या मधून जाते, असे मला वाटते.

न्यायालयांचे निर्णय

जिल्हा न्यायाधीश सारा इव्हान्स बार्कर यांनी नोव्हेंबर १९८४ मध्ये उपविधी रद्द केला. ज्या साहित्याला घटनेचे संरक्षण आहे अशा बऱ्याच साहित्यावर तो गदा आणतो, 'दुय्यमत्व' यासारखे त्याचे आधारभूत शब्द संदिग्ध आहेत, आणि लिंगभेद रोखण्यातील राज्याचे हित महत्त्वाचे असले तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर मात करण्याइतके नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बालकांच्या पोर्नोग्राफीवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली न्यूयॉर्क विरुद्ध फर्बर या खटल्यात उचलून धरली होती. तो आधार बार्कर यांनी येथे नाकारला, कारण प्रौढ स्त्रिया सामान्यतः स्वतःचे रक्षण करण्यास समर्थ असतात, असे त्यांनी लिहिले. मिनिआपोलिसमधील साक्षींनंतर हे वाक्य वाचणे कठीण जाते. मारहाणीच्या धाकाखाली उभ्या असलेल्या स्त्रीचे वय तिला कोणते संरक्षण देते?

सातव्या सर्किटच्या, म्हणजे इंडियाना ज्यात येते त्या विभागाच्या, संघीय अपील न्यायालयाचा ऑगस्ट १९८५ चा निकाल न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी लिहिला, आणि या प्रकरणाला जे महत्त्व आहे ते त्या निकालामुळे. शहराची गृहीतके आपण मान्य करतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. दुय्यमत्वाचे चित्रण दुय्यमत्व टिकवून धरते. त्यातून स्त्रियांना कामावर अपमान आणि कमी वेतन, घरात इजा आणि रस्त्यावर बलात्कार यांना तोंड द्यावे लागते. अमेरिकेतील एका महत्त्वाच्या न्यायालयाने इतक्या थेट शब्दांत हे मान्य करावे, ही मोठी गोष्ट होती. पण पुढच्याच पायरीवर त्यांनी निष्कर्ष काढला की, यातून अभिव्यक्ती म्हणून पोर्नोग्राफीचे सामर्थ्य तेवढे सिद्ध होते. वंशद्वेष, धर्मद्वेष, हिंसेचे उदात्तीकरण या साऱ्यांचा परिणाम समाजावर होतोच. परिणाम होतो म्हणून सरकारला नियंत्रण द्यायचे, तर कोणते विचार लोकांसाठी चांगले हे सरकारच ठरवू लागेल. लैंगिक चित्रणात स्त्री समान दाखवली असेल तर ते कितीही उघड असले तरी चालेल आणि दुय्यम दाखवली असेल तर त्याचे साहित्यिक मूल्य कितीही असले तरी चालणार नाही, हा भेद आशयातील दृष्टिकोनावर आधारलेला आहे आणि तो सरकारला करता येत नाही, हे या निकालाचे मुख्य सूत्र होते.

पोर्नोग्राफी ही कमी मूल्याची अभिव्यक्ती आहे, म्हणून तिला कमी संरक्षण पुरे, असाही शहराचा युक्तिवाद होता. त्यावरचे ईस्टरब्रुक यांचे उत्तर मला संपूर्ण निकालातील सर्वांत भेदक वाटते. पोर्नोग्राफी घरापासून कायदेमंडळापर्यंतच्या वृत्ती घडवते, असे एकीकडे म्हणायचे आणि दुसरीकडे तिला क्षुल्लक अभिव्यक्ती म्हणायचे, हे जमत नाही. समाजावर एवढा प्रभाव असलेली गोष्ट राजकीय अभिव्यक्तीच्या जवळ जाते. शहराच्या समर्थनाचा कणाच येथे त्याच्या विरोधात उभा राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८६ मध्ये तोंडी युक्तिवाद न ऐकता आणि कारणे न देता हा निकाल कायम केला. बर्गर, रेनक्विस्ट आणि ओ'कॉनर हे तीन न्यायमूर्ती प्रकरण ऐकून घ्यावे या मताचे होते. न्यायालयावर तेव्हा ओ'कॉनर या एकट्याच स्त्री न्यायमूर्ती होत्या.

बळजबरीचा दावा

व्यापाराच्या दाव्याबाबत अपील न्यायालय बरोबर होते, असे माझे मत आहे. 'दुय्यमत्व' म्हणजे काय हे कार्यालयातील अधिकारी ठरवणार आणि त्यावर पुस्तक दुकानातून काढले जाणार, ही यंत्रणा उद्या कोणाच्या हाती असेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि ती इंडियानापोलिसमध्ये प्रत्यक्ष ज्यांच्या हाती जाणार होती त्यांना समतेपेक्षा सभ्यतेची काळजी अधिक होती.

बळजबरीच्या दाव्याची गोष्ट निराळी आहे, आणि नवल म्हणजे ईस्टरब्रुक यांनाही ती निराळी वाटली होती. फसवणूक, धाक वा बळ वापरून एखाद्याकडून चित्रपटात काम करून घेणे राज्य निःसंशय बेकायदा ठरवू शकते, असे त्यांनी लिहिले. एवढेच नव्हे, तर त्या गैरकृत्याला आळा बसावा म्हणून तो चित्रपट विकण्यासही राज्य मनाई करू शकेल. त्यांनी दिलेले उदाहरण बोलके आहे: एखाद्या राजकीय नेत्यावर बंदूक रोखून त्याच्याकडून कोणाचा प्रचार करून घेतला आणि तो चित्रित केला, तर त्या चित्रफितीची विक्री राज्य थांबवू शकेल, जरी राजकीय भाषण हे सर्वांत जास्त संरक्षित असले तरी. चोरलेली व्यापारी गुपिते आणि लेखकाधिकाराचा भंग यांनाही हेच तत्त्व लागू पडते. मग हे कलम का वाचले नाही? कारण ते फक्त 'पोर्नोग्राफी'च्या निर्मितीतील बळजबरीला लागू होते, आणि पोर्नोग्राफीची व्याख्या दृष्टिकोनावर आधारलेली होती. समान दाखवलेल्या स्त्रीवर पडद्यामागे बळजबरी झाली असेल तर उपविधी गप्प राहिला असता. हा दोष खरा आहे. न्यायालयाने मात्र कलम दुरुस्त करणे हे आपले काम नाही असे म्हणून ते सारेच्या सारे टाकून दिले.

कायद्याच्या दृष्टीने यात गैर काही नव्हते. तरतुदी इतक्या गुंतलेल्या असताना न्यायालयाने स्वतः नवा कायदा लिहू नये, हे तत्त्व योग्यच आहे. माझी तक्रार अशी आहे की, त्यानंतर नवा मसुदा लिहायला ना शहर पुढे आले, ना पुस्तकविक्रेत्यांची बाजू घेणारे. व्याख्येतला 'दुय्यमत्व' हा शब्द काढून कोणत्याही उघड लैंगिक चित्रीकरणातील बळजबरीला लागू होणारे कलम लिहिणे अवघड नव्हते, आणि निकालाने त्याची वाट जवळजवळ आखूनच दिली होती. मॅककिनन आणि ड्वॉर्किन यांना ती वाट मान्य होणे कठीण होते, कारण त्यांच्या मते बळजबरी, लादणूक आणि हल्ला या सुट्या घटना नव्हत्या. त्या एकाच विषमतेची रूपे होती आणि विषमता बाजूला काढली की उपविधीचा प्राणच निघून जातो. या आग्रहाचा मला आदर वाटतो. पण त्याची किंमत सिद्धान्त मांडणाऱ्यांना मोजावी लागली नाही. जिच्या चित्रफिती विकल्या जात राहिल्या, तिने ती मोजली.

बळजबरीच्या कलमात आणखी एक भाग होता आणि त्यावरून स्त्रीवाद्यांमध्येच तीव्र वाद झाला. करारावर सही केली, पैसे घेतले, प्रतिकार केला नाही, पूर्वी अशी कामे केली होती, यांपैकी कोणत्याही एका गोष्टीवरून बळजबरी झाली नाही असे ठरणार नाही, असे त्यात लिहिले होते. सेन्सॉरशिपविरोधी स्त्रीवाद्यांच्या गटातर्फे नॅन हंटर आणि सिल्व्हिया लॉ यांनी १९८५ साली अपील न्यायालयात निवेदन दिले, आणि त्यावर बेटी फ्रीडन, केट मिलेट, एड्रियन रिच यांच्यासारख्या लेखिकांच्या सह्या होत्या. स्त्री प्रौढ असूनही तिच्या सहीला किंमत नाही असे कायदा म्हणू लागला, तर स्त्री स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ आहे ही जुनीच समजूत तो पक्की करतो. शिवाय लैंगिकतेविषयी स्त्रियांनी, विशेषतः समलिंगी स्त्रियांनी, लिहिलेले साहित्यच आधी गाळले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरी शंका पुढे कॅनडात खरी ठरली. पहिलीबाबत मला निवेदनाशी पूर्ण सहमत होता येत नाही. कलमाचे शब्द एवढेच सांगतात की सही हा निर्णायक पुरावा नाही. बळजबरी वादीलाच सिद्ध करावी लागणार होती. मारहाण करणारा माणूस सहीसुद्धा करून घेतो, हे मिनिआपोलिसच्या साक्षींनी दाखवले होते.

पुढे काय झाले

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९२ मध्ये बटलर खटल्यात उलट दिशा घेतली. अश्लीलतेच्या फौजदारी तरतुदीचा अर्थ त्याने समाजाला, विशेषतः स्त्रियांना, होणाऱ्या हानीच्या आधारे लावला आणि अभिव्यक्तीवरील ती मर्यादा समर्थनीय ठरवली. पण कायदा फौजदारीच राहिला आणि अंमलबजावणी पोलिस व सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडेच राहिली. निकालानंतर थोड्याच काळात टोरंटोतील समलिंगी साहित्याच्या दुकानावर, समलिंगी स्त्रियांनी काढलेले मासिक विकल्याबद्दल कारवाई झाली. व्हँकुव्हरच्या अशाच एका दुकानाच्या मालाची सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पक्षपाती अडवणूक केली होती, हे त्याच सर्वोच्च न्यायालयाला २००० साली मान्य करावे लागले. मॅककिनन यांनी पोलिसांच्या ऐवजी पीडित स्त्रीला वादी करण्याचा जो आग्रह धरला होता, त्याचे महत्त्व या अनुभवातून उलट बाजूने कळते.

अमेरिकेत मात्र बळजबरीच्या दाव्याचा विषय दुसऱ्याच दारांनी परत आला. संमतीशिवाय खाजगी लैंगिक छायाचित्रे पसरवण्याविरुद्ध बहुतेक सर्व राज्यांनी कायदे केले, आणि इलिनॉय, व्हर्मॉन्ट, मिनेसोटा यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी ते पहिल्या घटनादुरुस्तीच्या कसोटीवर टिकवले. ते टिकले, कारण चित्रात स्त्री कशी दाखवली आहे हे त्यांत विचारलेले नाही. व्यक्तीची संमती होती का, एवढेच विचारले आहे. मे २०२५ मध्ये संघराज्याचा कायदाही आला आणि तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत असे चित्रण काढून टाकण्याचे बंधन संकेतस्थळांवर घातले गेले. तक्रार खरी की खोटी हे ठरवायला पहिल्या पायरीवर न्यायाधीश नाही, हा त्यावरचा आक्षेप मला रास्त वाटतो; १९८४ च्या उपविधीत निदान चौकशी आणि सुनावणी तरी होती.

इंडियानापोलिसच्या बळजबरीच्या कलमाच्या सर्वांत जवळ जाणारा निकाल जानेवारी २०२० मध्ये सॅन डिएगोच्या राज्य न्यायालयाने दिला. मॉडेलिंगच्या जाहिरातीने बोलावून, चित्रफिती इंटरनेटवर येणार नाहीत असे खोटे सांगून ज्यांच्याकडून सह्या घेतल्या गेल्या, अशा २२ स्त्रियांना सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर भरपाई मंजूर झाली आणि त्यांच्या चित्रफितींवरील हक्कही त्यांना देण्याचा आदेश झाला. त्यांनी करारावर सही केली होती, पैसे घेतले होते, आणि कॅमेऱ्यासमोर आपण राजीखुशीने आलो असे म्हटले होते. न्यायालयाने यांतली एकही गोष्ट निर्णायक मानली नाही. दावा फसवणूक आणि प्रतिमेचा अनधिकृत वापर यांच्या आधारे चालला, आणि लिंगाधारित भेदभाव हा त्यातला मुद्दा नव्हता.